जाम झालेले इंजिन कसे सोडवावे?

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यातल्या एका गावात, माळवदाच्या एका जुन्या घराच्या गोठ्यात, एक बुलेट मोटारसायकल अठरा वर्षे उभी होती. गाडी १९७० सालची. घरातले आजोबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. १९७२च्या दुष्काळात ते याच गाडीवरून कामांवर जात. बुलेटचा आवाज आला की मजुरीचे वाटप होणार, असे त्या काळी खडी फोडलेल्या बायका अजून सांगतात. २००५ साली आजोबा गेले आणि गाडी गोठ्यात लागली ती लागलीच. २०२३च्या दिवाळीत भंगारवाला किलोचा भाव सांगून गेला. त्यांची नात आमच्या शाळेत नववीत. ती आम्हाला म्हणाली, "सर, गाडीचं इंजिन जाम झालंय. आजी म्हणते, सुटलं तर ठेवू, नाहीतर देऊन टाकू."

आम्ही म्हणजे विज्ञान शिकवणारे दोन शिक्षक आणि आठवी-नववीची पाच मुले. इंजिन उघडण्याचा अनुभव कोणालाच नव्हता. दिवाळीची सुट्टी मात्र हाताशी होती. त्या सुट्टीत काय घडले आणि त्यामागचे विज्ञान काय, ते येथे मांडत आहोत. हीच गोष्ट विहिरीवर वर्षानुवर्षे बंद पडलेल्या तेलइंजिनाला, गंजलेल्या नटबोल्टला किंवा अडकलेल्या कुलपालाही लागू पडते. त्यामुळे जिच्याजवळ जुनी मोटारसायकल नाही अशा शाळेलाही याचा उपयोग व्हावा.

इंजिन जाम होते म्हणजे काय?

बुलेटचे ३५० सी.सी. इंजिन समजायला सोपे आहे. त्यात एकच उभा सिलिंडर असतो. त्याचा आतला व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची वर-खाली होण्याची धाव ९० मिलिमीटर. यावरून घनफळ काढायला मुलांना सांगावे. उत्तर सुमारे ३४६ घन सेंटिमीटर येते. यालाच आपण ढोबळमानाने साडेतीनशे सी.सी. म्हणतो.

जुन्या बुलेटमध्ये सिलिंडर ओतीव लोखंडाचा आणि पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. दोघांमधली फट साधारण दशांश मिलिमीटरची, म्हणजे जाडसर केसाएवढी असते. या फटीतून वायू निसटू नये म्हणून पिस्टनभोवतीच्या खाचांत लोखंडी रिंगा बसवलेल्या असतात. रिंगा स्प्रिंगसारख्या बाहेर ताणून सिलिंडरच्या भिंतीला सतत टेकलेल्या असतात. गाडी चालू असताना त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की हे तेल हळूहळू खाली ओघळते आणि लोखंडाला लोखंड उघडे भिडते.

आता हवा आणि ओलावा आत कोठून येतो? इंजिन थांबते तेव्हा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहू शकतो. आम्ही वरची दोन झाकणे काढून पाहिली, तेव्हा धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा होता. म्हणजे सायलेन्सरच्या तोंडापासून थेट सिलिंडरपर्यंत वाट मोकळी. त्या वाटेने कुंभारीण माशीही आत गेली होती. सायलेन्सरच्या टोकाशी तिची मातीची घरटी निघाली.

येथे एक शंका मुलांनी काढली. आपला जिल्हा तर अवर्षणाचा. मग एवढा गंज कसा? पाऊस कमी पडला तरी पावसाळ्यातली हवा दमट असतेच, आणि सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग वाढतो. शिवाय रात्री लोखंडाचे धूड गार होते. सकाळी उबदार, दमट हवा त्याला लागली की आतून दव धरते. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, तसेच हे. अठरा वर्षांत अशा किती सकाळी आल्या असतील याचा हिशेब केला, तर गंजाचे आश्चर्य वाटत नाही.

गंज जागा खातो

लोखंडाला गंजण्यासाठी पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, हे आपण तीन परीक्षानळ्यांत खिळे ठेवून दाखवतोच. पण त्या प्रयोगात एक गोष्ट सहसा सांगायची राहून जाते: गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. लोखंडाच्या अणूंमध्ये ऑक्सिजन आणि पाणी येऊन मिसळते, त्यामुळे घनफळ दुपटीपासून सहा पटीपर्यंत वाढू शकते. सिमेंटच्या खांबातली सळई गंजली की वरचे प्लास्टर फुटून पडते, त्याचे कारण हेच.

दशांश मिलिमीटरच्या फटीत हीच वाढ झाली, तर फट भरून जाते. रिंग आणि भिंत यांच्यामध्ये तर मुळात फटच नसते. तेथे गंज दोघांना सांधून टाकतो. भर म्हणून ॲल्युमिनियम आणि लोखंड हे दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की एक छोटा विद्युतघट तयार होतो. त्यात ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी फटीत साचते.

सगळेच धातू असे वागत नाहीत. आपल्या जिल्ह्यातल्या परांडा किल्ल्याशी संबंध असलेले एक उदाहरण पाहा. प्रसिद्ध मुलूख-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगर येथे ओतली गेली, काही काळ परांड्याच्या किल्ल्यावर होती, आणि पुढे विजापूरला नेली गेली. ती तेथे आजही पाहायला मिळते. पावणेपाचशे वर्षे झाली तरी ती खपल्या पडून झडलेली नाही, कारण ती लोखंडाची नसून तांब्याच्या मिश्रधातूची आहे. तांब्यावर बसणारा थर घट्ट चिकटून राहतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत आणि सच्छिद्र असतो. त्याच्या छिद्रांतून ओलावा आत जातच राहतो, म्हणून गंज थांबत नाही.

पण हाच दोष आपल्या कामाला येतो. गंज सच्छिद्र आहे, म्हणजे ज्या वाटेने पाणी आत गेले त्या वाटेने तेलही जाऊ शकेल. इंजिन सोडवण्याचा सगळा उपाय या एका गोष्टीवर उभा आहे.

अडकले आहे ते इंजिनच का?

डॉक्टर आधी तपासतो, मग औषध देतो. येथेही तोच क्रम हवा. किक खाली जात नाही एवढ्यावरून इंजिन जाम झाले असे ठरवू नये. किकचा दट्ट्या, गिअरपेटी, चेन, ब्रेक यांपैकी काहीही अडकलेले असू शकते.

आम्ही गाडी डबल स्टँडवर घेतली आणि गिअर न्यूट्रलमध्ये आणला. मागचे चाक हाताने फिरवले. ते कुरकुरत फिरले. म्हणजे चाक, ब्रेक आणि चेन मोकळी. मग टॉप गिअर टाकून चाक फिरवायचा प्रयत्न केला. चाक जागच्या जागी थांबले. क्लच दाबूनही फरक पडला नाही, कारण इतक्या वर्षांत क्लचच्या प्लेटाही एकमेकींना चिकटल्या होत्या.

नंतर प्लग काढला. ही पायरी चुकवू नये. सिलिंडरमध्ये पाणी किंवा पेट्रोल साठलेले असेल, तर द्रव दाबला जात नसल्यामुळेही पिस्टन अडतो. अशा वेळी प्लग काढताच प्रश्न सुटतो. प्लगही घट्ट बसला असेल तर त्याच्या बुडाशी तेल सोडून रात्रभर थांबावे. प्लग लोखंडाचा आणि त्याचे आटे मऊ ॲल्युमिनियममध्ये असतात. झटका दिला तर आटे निघून येतात.

प्लगच्या भोकातून विजेरीने पाहिले तर तांबूस भिंत दिसली. सायकलच्या चाकाची एक तार बोथट करून आत सोडली. पिस्टन साधारण मधोमध थांबला होता. प्लगचे भोक तिरपे असल्यामुळे हे माप नेमके नसते, पण तारेवर खूण केली तर पुढे झालेला बदल मात्र नक्की कळतो.

जोराचे गणित

आमच्या आधी घरातल्या तरुण मंडळींनी दोन उपाय केले होते. एकाने किकवर उभे राहून उड्या मारल्या होत्या. किकचा दांडा वाकला होता. दुसऱ्याने गाडी गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढली होती. चाक फिरले नाही, नुसते फरफटत गेले. नशीब एवढेच की आत काही मोडले नाही.

असा जोर का लावू नये, हे तरफेच्या नियमाने मुलांना दाखवता येते. पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, म्हणजे क्रँकची त्रिज्या तिच्या निम्मी, साडेचार सेंटिमीटर. क्रँकवरच्या नटाला ३० सेंटिमीटर लांबीचा पाना लावून टोकाशी २० किलोग्रॅम वजनाएवढा जोर दिला, तर पिस्टनवर येणारा जोर २० × ३० ÷ ४.५, म्हणजे सुमारे १३३ किलोग्रॅम. पान्यात पाइप घालून लांबी एक मीटर केली की हाच आकडा ४४४ किलोग्रॅमवर जातो. हातांना मात्र पहिल्याइतकाच जोर लावल्यासारखे वाटते. कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा पिस्टन तडकतो, तो असा.

हे गणित पिस्टन मधोमध असतानाचे आहे. तो अगदी वर किंवा अगदी खाली असेल तर धोका आणखी वाढतो. पायाच्या शिलाई मशीनचे उदाहरण घ्या. मशीन एका विशिष्ट जागी थांबले की पायटा कितीही दाबा, चाक फिरत नाही. हाताने चाकाला थोडी गती द्यावी लागते. या जागेला मृतबिंदू म्हणतात. पिस्टन मृतबिंदूजवळ असताना वरून ठोकून क्रँक फिरणार नाही, सगळा मार रॉडवर आणि बेअरिंगवर बसेल. उलट क्रँक फिरवू गेलो, तर पिस्टनवर कितीतरी पट जास्त जोर येईल.

याच्या तुलनेत मागच्या चाकाचा उपाय पाहा. टॉप गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यात इंजिनाचे साधारण पाच फेरे होतात. चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर धरली आणि काठाशी २० किलोग्रॅमचा जोर दिला, तर पिस्टनवर २० × ३३ ÷ ५ ÷ ४.५, म्हणजे फक्त २९ किलोग्रॅमच्या आसपास जोर येतो. एवढ्याने काही मोडत नाही. नवशिक्यांनी म्हणूनच चाकाचा मार्ग धरावा. आम्ही ठरवले की चाक हाताने जितके ढकलता येईल तितकेच ढकलायचे आणि बाकीचे काम तेलावर सोपवायचे.

तेल कसे मुरते?

वात तेल ओढते, टीपकागद शाई टिपतो, तसेच अरुंद फटीत द्रव आपोआप शिरतो. याला केशाकर्षण म्हणतात. फट जितकी अरुंद, तितकी ओढ जास्त. दशांश मिलिमीटर रुंदीच्या उभ्या फटीत डिझेल सुमारे सात सेंटिमीटर वर चढू शकते. आपल्याला तर ते वरून खाली न्यायचे आहे. मग ते लगेच का पोहोचत नाही?

कारण ओढ जास्त असली तरी वाट अरुंद आहे. अरुंद वाटेत द्रवाच्या चिकटपणाचा अडथळा फार वाढतो, आणि द्रव जसजसा आत जातो तसतशी त्याला घासत जावी लागणारी वाट लांबत जाते. रिचर्ड लुकास याने १९१८ साली आणि एडवर्ड वॉशबर्न याने १९२१ साली याचा नियम मांडला. द्रव जितका खोल जातो ते अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. साध्या शब्दांत, दुप्पट खोल जायला चौपट वेळ लागतो, तिप्पट खोल जायला नऊपट.

हा नियम वर्गात सहज पाहता येतो. टीपकागदाची किंवा गाळणकागदाची २० सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या. ती उभी टांगून तिचे टोक शाई मिसळलेल्या पाण्यात बुडवा. एका मिनिटाने, चार मिनिटांनी आणि नऊ मिनिटांनी पाणी जेथे पोहोचले तेथे पेन्सिलीने खूण करा. तिन्ही उंचींचे प्रमाण १ : २ : ३ च्या जवळ येईल. अगदी तंतोतंत येणार नाही, कारण गुरुत्वाकर्षण आणि बाष्पीभवन दोन्ही पाण्याला मागे खेचतात. ते का, यावर मुलांशी चर्चा करावी.

या नियमाचा आमच्या कामातला अर्थ असा, की पहिल्या दिवशी तेल एक मिलिमीटर गेले असेल, तर चौथ्या दिवशी ते दोनच मिलिमीटर गेलेले असणार. चार दिवसांत काही हलले नाही म्हणून उपाय फसला असे समजणे चूक आहे. बहुतेक माणसे नेमकी याच वेळी हातोडी उचलतात.

चिकटपणाही महत्त्वाचा. इंजिनातले नेहमीचे तेल साध्या तापमानाला डिझेलच्या सुमारे शंभर पट घट्ट असते. ते नुसते ओतले तर फार हळू मुरेल. नुसते डिझेल मुरेल, पण त्याचा वंगण म्हणून उपयोग थोडा. म्हणून दोन्ही मिसळावे. पूर्वी यासाठी रॉकेल वापरत. आता ते खेड्यातही सहज मिळत नाही, पण डिझेलने काम भागते.

आमची एक चूक

आम्ही मात्र सुरुवात डिझेलने केली नाही. कोणीतरी सांगितले की ॲसिटोन आणि तेल निम्मे-निम्मे मिसळले तर सर्वांत चांगले मुरते. प्रयोगशाळेत ॲसिटोन होते. ७० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरचे क्षेत्रफळ सुमारे साडेअडतीस चौरस सेंटिमीटर. म्हणजे दोन सेंटिमीटर उंचीचा थर हवा तर ७७ मिलिलिटर द्रव लागेल. तेवढा मोजून ओतला. बांबूची काडी आत सोडून पातळीची खूण केली.

दुसऱ्या दिवशी पातळी चार मिलिमीटरने उतरलेली! आम्ही खूश झालो. द्रव फटीत शिरतो आहे, आता दोन दिवसांत इंजिन सुटणार असे आम्ही आजींना सांगूनही टाकले. तेव्हा आठवीतल्या एका मुलीने विचारले, "पण सर, ते उडून गेलं नसेल कशावरून?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. मग त्याच मिश्रणाची एक बाटली भरून, तिचे तोंड प्लगच्या भोकाएवढे ठेवून, ती गाडीशेजारी सावलीत ठेवली. दुसऱ्या दिवशी बाटलीतली पातळीही जवळजवळ तितकीच उतरली होती. म्हणजे आमचे ॲसिटोन फटीत नव्हे, हवेत जात होते. बाटलीत आणखी एक गोष्ट दिसली. ॲसिटोन आणि तेल नीट मिसळलेच नव्हते. हलके ॲसिटोन वर आणि तेल खाली असे दोन थर झाले होते. गंजापर्यंत जायला हवे ते ॲसिटोन तेलाच्या वरच तरंगत होते.

विज्ञानाच्या तासाला आपण नियंत्रित प्रयोगाची व्याख्या शिकवतो. तुलनेसाठी दुसरा संच नसेल, तर दिसलेल्या बदलाचे कारण कोणते ते ठरवता येत नाही, असे फळ्यावर लिहितो. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा आम्ही नेमके तेच विसरलो. त्या मुलीचा प्रश्न आला नसता, तर 'एवढे तेल मुरूनही सुटत नाही, आता घणच हवा' या निष्कर्षावर आम्ही आलो असतो.

जुना द्रव एका नळीने शोषून काढला (तोंडाने नव्हे, रबरी फुग्याने), भोक दोन दिवस उघडे ठेवून ॲसिटोन पूर्ण उडू दिले, आणि तीन भाग डिझेल व एक भाग इंजिन ऑइल असे मिश्रण ओतले. शेजारी तेच मिश्रण भरलेली बाटली. भोकावर चिंधीचा बोळा. आता बाटलीतली पातळी हलत नव्हती, आणि सिलिंडरमधली दिवसाला जेमतेम अर्धा मिलिमीटर उतरत होती. बातमी छोटी होती, पण खरी होती.

गरम केल्याने सुटते का?

गावात ज्याने त्याने एकच सल्ला दिला: "गरम करा, लोखंड फुगतं." लोहार बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतो, हे सर्वांनी पाहिलेले असते. पण तेथे धाव तापलेली आणि लाकूड थंड असते. आमच्या इंजिनात बाहेर लोखंड आणि आत ॲल्युमिनियम आहे. एक अंश सेल्सिअस तापमानवाढीला ॲल्युमिनियम आपल्या लांबीच्या दर दशलक्ष भागामागे सुमारे २३ भागांनी वाढते, ओतीव लोखंड सुमारे ११ भागांनी. दोन्ही ५० अंशांनी तापले, तर ७० मिलिमीटरचा सिलिंडर सुमारे ०.०४ मिलिमीटरने रुंदावेल, आणि पिस्टन ०.०८ मिलिमीटरने. म्हणजे फट वाढण्याऐवजी घटेल!

मग उष्णतेचा उपयोग नाही का? आहे, पण समजून करावा लागतो. सिलिंडर बाहेरून चटकन तापवला, तर पहिली काही मिनिटे तो पिस्टनपेक्षा गरम असतो आणि फट थोडी वाढते. नंतर दोन्ही गार होताना पुन्हा मागे येतात. अशा ये-जा करण्याने गंजाचा ठिसूळ थर तडकतो आणि त्या तड्यांत तेल शिरते. आम्ही प्लगचे भोक बंद करून सिलिंडरभोवती गोणपाट गुंडाळले आणि त्यावर रोज सकाळी गरम पाणी सोडले. नंतर सगळे कोरडे पुसले. बाकीचे काम दिवसाचे ऊन आणि रात्रीची थंडी करत होती.

ज्योत मात्र कधीही वापरू नये. आत डिझेल आहे, टाकीत जुन्या पेट्रोलची वाफ असू शकते. ॲसिटोन तर ५६ अंशांनाच उकळते. ते आत असताना गरम पाणीही नको. टाकी काढून दूर ठेवावी, जवळ वाळूची बादली असावी, विडी-काडी लांब ठेवावी. द्रव ओतण्याचे आणि उपसण्याचे काम मोठ्यांनी, हातमोजे घालून करावे.

सतरावा दिवस

रोज संध्याकाळी टॉप गिअरमध्ये चाक धरून आम्ही ते पुढे-मागे हलवत होतो. एकाच दिशेने रेटायचे नाही, हे ठरलेले. मागे-पुढे करण्याने सुटलेला गंजाचा चुरा बाजूला होतो आणि त्या जागी तेल येते. एकाच दिशेने रेटले तर चुरा पाचरीसारखा अडकतो.

डिझेल ओतल्याच्या सतराव्या दिवशी नातीच्या हाताला चाक किंचित 'मऊ' लागले. तार आत सोडून पाहिली. खूण दोन मिलिमीटरने सरकली होती. त्या दिवशी कोणीही जास्त जोर लावला नाही, याचे आम्हाला आजही समाधान वाटते. थोडे नवे तेल ओतले आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी दोनाचे दहा मिलिमीटर झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी क्रँकचा पूर्ण फेरा झाला आणि प्लगच्या भोकातून तांबूस काळे डिझेल चिंधीवर उडाले. फेरा होताना प्लग काढलेलाच असावा, हे पुन्हा सांगतो. आत द्रव असताना प्लग लावून फिरवले, तर न दबणारा तो द्रवच रॉड वाकवील.

दोन आठवडे थांबूनही हलले नाही तर? मग वरचे हेड काढून, पिस्टन मधोमध असल्याची खात्री करून, त्यावर सपाट लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके देता येतात. पण येथून पुढे जाणत्या मिस्त्रीला सोबत घ्यावे. जावा, येझदी किंवा राजदूत अशा टू-स्ट्रोक गाडीत आणखी एक फरक असतो. तिच्या सिलिंडरच्या भिंतीतच वायूच्या ये-जा करण्याच्या खिडक्या असतात. पिस्टन खाली असेल तर ओतलेला द्रव त्यांतून निघून जातो, आणि रिंगांमधून झिरपलेला क्रँकच्या पेटीत साठतो. तो काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सुटले म्हणजे बरे झाले असे नाही

इंजिन फिरू लागल्यावर मुलांना ते लगेच चालू करून पाहायचे होते. आम्ही तसे केले नाही. गंजाचा चुरा म्हणजे एक प्रकारची पॉलिश पेपरची भुकटीच. ती बेअरिंगमध्ये गेली तर अठरा वर्षांत झाले नाही ते नुकसान अठरा मिनिटांत होईल. खाली उतरलेल्या डिझेलने इंजिनातले तेलही पातळ झालेले असते. सर्व तेल काढून टाकले (शेतात किंवा विहिरीजवळ न ओततां डब्यात भरून ठेवले) आणि सोलापूरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे सिलिंडर उतरवून घेतला.

भिंतीवर जेथे रिंगा थांबल्या होत्या तेथे खड्डे पडले होते. नुसत्या नव्या रिंगांनी भागणार नव्हते. सिलिंडर किंचित मोठा घासून नवा पिस्टन बसवावा लागला. कनेक्टिंग रॉड मात्र सरळ होता, क्रँकही चांगला होता. मिस्त्री म्हणाले, "यावर कोणी घण घातला नाही, हे कळतंय." आम्हाला मिळालेले प्रशस्तिपत्र एवढेच. पाइप लावून इंजिन फिरवले असते, तर कदाचित तेही पहिल्याच दिवशी सुटले असते, पण वाकलेला रॉड घेऊन.

जानेवारीत गाडी चालू झाली. केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते; नातीच्या वडिलांनी त्याची चौकशी सुरू केली आहे. आजींनी भंगारवाल्याला नकार कळवला.

गाडीपेक्षा आम्हाला मोलाची वाटते ती मुलांनी ठेवलेली वही. तिच्यात रोजची तारीख, सिलिंडरमधली पातळी, बाटलीतली पातळी आणि तारेवरची खूण असे चार रकाने आहेत. पहिली सोळा पाने 'हलले नाही' या शब्दांनी संपतात. पण पातळीच्या रकान्यात बदल दिसत होता, म्हणून मुलांनी हातोडी उचलली नाही. सबुरी ही नुसती स्वभावाची गोष्ट नसते. आत काय चालले आहे हे मोजून कळत असेल तर ती धरणे सोपे जाते.

आपल्या शाळेत मोटारसायकल नसेल. पण एकसारखे सहा गंजलेले नटबोल्ट मिळतीलच. दोन कोरडे ठेवा, दोघांवर नुसते इंजिन ऑइल आणि दोघांवर डिझेल-तेलाचे मिश्रण सोडा. रोज त्याच पान्याने, पान्याच्या त्याच जागी स्प्रिंगकाटा अडकवून, त्याच मर्यादित जोराने प्रयत्न करा आणि कोणता कितव्या दिवशी सुटतो ते नोंदवा. आपले निष्कर्ष आम्हाला जरूर कळवा. न सुटलेल्या बोल्टचेही कळवा.